सहा नंबर बरा, सात नंबर वाईट: एका आयर्न सेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

गृहस्थांचं भोसरीत वर्कशॉप आहे. वय ५४, उंची ५ फूट ६ इंच, खेळतात उजव्या हाताने. नाव सांगत नाही. कॅडी त्यांना शेठ म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. गोल्फ त्यांनी ४८व्या वर्षी धरलं, एका परदेशी ग्राहकाच्या नादाने. हँडिकॅप २२ (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला). आठवड्यातून दोन सकाळी कोर्सवर, दोन संध्याकाळी रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी.

मी पुण्यात क्लब फिटिंग करतो. खेळणाऱ्याच्या उंचीला, वेगाला आणि सवयींना बसेल असा क्लब शोधायचा, नाहीतर आहे तोच कापून, वाकवून, शाफ्ट म्हणजे काठी बदलून बसता करायचा, एवढंच हे काम. लोकांना त्यात जादू वाटते. प्रत्यक्षात बराचसा वेळ व्हर्निअर, वजनकाटा आणि हीट गन यांच्यासोबत जातो.

शेठचा आयर्नचा सेट न्यू जर्सीच्या पुतण्याकडून आलेला. आयर्न म्हणजे नंबर घातलेले धातूच्या हेडचे क्लब; नंबर जितका मोठा तितका क्लब आखूड आणि बॉल कमी लांब जातो. पुतण्या सहा फूट एक इंच. त्याने तिथे रीतसर फिटिंग करून घेतलं होतं: प्रत्येक क्लब अर्धा इंच लांब, लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, दोन अंश उभा. पुढे त्याने नवा सेट घेतला आणि जुना काकांसाठी बॅगेत घालून आणला. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने शेठनी तो लगेच वापरायला घेतला. शाफ्टवर ठळक ‘एस’ होता, म्हणजे स्टिफ, याचंही त्यांना अप्रूप होतं. आधीच्या स्वस्त सेटवर ‘आर’ होता, म्हणजे रेग्युलर. तो म्हणे शिकाऊ लोकांचा.

अडचण

माझ्याकडे ते जुलैत आले तेव्हा डाव्या कोपराला पट्टा होता. तक्रारी तीन. बॉल डावीकडे जातो. बॉलच्या आधी जमीन लागते. आणि कोपर इतकं दुखतं की चहाचा कप उचलताना कळ येते. कोचने सहा महिने स्विंगवर मेहनत घेतली होती. रेंजवर फरक दिसायचा, कोर्सवर पहिले पाढे पंचावन्न.

दुखत होतं ते कोपराच्या बाहेरच्या बाजूला. गोल्फर्स एल्बो म्हणतात तो आतल्या बाजूचा. बाहेरच्याला टेनिस एल्बो म्हणतात. पण उजव्या हाताने गोल्फ खेळणाऱ्याच्या डाव्या कोपराला हा ‘टेनिसचा’ आजार सर्रास होतो. वारंवार जमिनीत क्लब मारणाऱ्याला तर हमखास.

त्या दिवशी त्यांचा नेहमीचा कॅडी बॅग घेऊन सोबत आला होता. शेठ माझ्याशी शाफ्टबद्दल बोलत असताना तो मध्येच म्हणाला, “दादा, सहा नंबरनी ह्यांचा बॉल नीट जातो बघा. सातनी नाय जात. म्हनून मी सातच्या अंतराला पन सहाच देतो, म्हन्तो हळू मारा.”

शेठ हसले. मीही हसलो, आणि वहीत लिहिलं नाही. हे नंतर महाग पडलं.

पहिली मोजणी

माझ्या खोलीत मॅटवर, फटका मोजणाऱ्या मशीनसमोर, त्यांच्या सात नंबरने वीस बॉल मारून घेतले. क्लबचा वेग ताशी ६८ मैल, बॉलचा ८८, कॅरी, म्हणजे बॉलने हवेतून कापलेलं अंतर, ११३ यार्ड. बॉल खाली उतरतानाचा कोन ३६ अंश. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल थांबायला तो ४५च्या आसपास हवा. म्हणजे यांचा बॉल ग्रीनवर पडून पुढे पळणार. पण ‘आधी जमीन लागते’ ही तक्रार आकड्यांत कुठेच दिसेना.

मॅटचा हा जुना दगा आहे. खाली काँक्रीट, वर प्लास्टिकचं गवत. क्लब बॉलच्या दोन इंच मागे आपटला तरी सोल, म्हणजे क्लबचा तळ, घसरून पुढे येतो आणि बॉल बरा उडतो. गवतावर तोच फटका चाळीस यार्डांत संपतो. मॅटवर मशीनला चूक दिसत नाही, कोपराला मात्र पुरेपूर कळते. शेठ आठवड्यातून दोनदा शंभर-शंभर बॉल अशाच मॅटवर मारत होते.

मग क्लब मोजायला घेतले. माझ्याकडे फ्रिक्वेन्सी मोजायचं यंत्र आहे. ग्रिपकडचं टोक पाच इंच शिकंज्यात आवळायचं, हेडला हलका झटका द्यायचा आणि मिनिटाला किती हेलकावे होतात ते पाहायचं. शेठ दोन मिनिटांत खूश. “अहो, हा तर कॅन्टिलिव्हर बीम!” बरोबरच होतं. काठी जितकी ताठ, आखूड आणि टोकाला हलकी, तितकी जास्त वेळा हलते. त्यामुळे एका सेटमध्ये लांब क्लबकडून आखूड क्लबकडे जाताना आकडा सारखा चढत जायला हवा, अर्ध्या इंचाला साधारण चार-पाचने.

पाच नंबर ३०६. सात नंबर ३१४. आठ नंबर ३१९. मधला सहा नंबर ३१०च्या आसपास यायला हवा होता. आला २९६.

मला वाटलं शिकंजा ढिला राहिला. पुन्हा आवळला. २९६. मग सहा आणि सात भिंतीला टेकवून शेजारी उभे केले. दोन्हींची उंची एकच, साडेसदतीस इंच. सहा नंबर अर्धा इंच वर दिसायला हवा होता. बारकाईने पाहिलं तर फेरूल, म्हणजे शाफ्ट हेडमध्ये शिरतो तिथली कडी, तीही वेगळी, जराशी फुगीर.

पुतण्याला फोन लावला. त्याचा सहा नंबर एकदा झाडाच्या मुळावर मोडला होता. जवळच्या दुकानात दुसरा शाफ्ट बसवून घेतला, दुकानदाराने तो नेहमीच्या मापाने कापला. त्या शाफ्टवरही ‘एस’ होता. त्यामुळे पुतण्या विसरला, शेठना कळलं नाही, आणि मीही बॅगेतून क्लब काढताना ते अक्षर बघून पुढे गेलो.

कॅडी दोन वर्षं हेच सांगत होता.

शाफ्टवरच्या अक्षराबद्दल

एल, ए, आर, एस, एक्स ही अक्षरं मऊकडून ताठकडे जातात हे खरं. पण ‘आर’ किती मऊ आणि ‘एस’ किती ताठ याचं सगळ्या कंपन्यांनी मानलेलं एक माप नाही. एकाचा ‘आर’ दुसऱ्याच्या ‘एस’ला भारी पडू शकतो. स्टीलमध्ये वजनाचा फरक तर डोळ्यात भरण्याएवढा असतो. डायनॅमिक गोल्ड एस ३०० हा जुना, नामांकित शाफ्ट कापण्याआधी सुमारे १३० ग्रॅमचा. निप्पॉनचा ९५० जीएच त्याहून तीसेक ग्रॅमनी हलका, आणि तोही ‘एस’मध्ये मिळतो. शेठच्या बॅगेत सहा नंबर या हलक्या जातीचा होता, बाकी सगळे जड जातीचे.

हे शेठना पटायला वेळ लागला. बोल्टवर ८.८ लिहिलं असेल तर जगात कुठेही ते ८.८च, या दुनियेतला माणूस. “स्टँडर्डच नाही म्हणता? मग लिहितात कशाला?” असं दोनदा विचारून झालं.

ग्राफाइटचं प्रकरण आणखी मोकळं. कार्बनच्या कापडासारख्या पातळ पट्ट्या पोलादी सळीवर गुंडाळून, भट्टीत भाजून सळी काढून घेतात. लांबीच्या दिशेने असलेले धागे वाकण्याला विरोध करतात, ४५ अंशांत तिरपे टाकलेले पीळ पडू देत नाहीत. कुठे किती थर टाकायचे हे बनवणाऱ्याच्या हातात, म्हणून एकाच वजनाचे दोन शाफ्ट टोकाशी अगदी वेगळे वागतात. किक पॉइंट (शाफ्ट जिथे सर्वांत जास्त वाकतो ती जागा) म्हणून जो शब्द जाहिरातीत फिरतो, त्यावरून बॉल किती उंच जाईल हे ठरवायला जाऊ नये.

पर्याय

पहिला पर्याय, काहीच न करता विश्रांती आणि फिजिओ. दुसरा, नवा कोरा सेट. शेठची तयारी होती, पण हेडमध्ये काही खोट नव्हती. तिसरा स्वस्तातला: आहेत तेच शाफ्ट अर्धा इंच कापायचे आणि लाय खाली वाकवायचा. पण ग्रिपकडून कापलं की शाफ्ट आणखी ताठ होतो, आणि वजन तर राहतंच. चौथा, सगळे शाफ्ट बदलून हलकं स्टील, ९५ ग्रॅमच्या आसपास. पाचवा, ८० ग्रॅमचा कार्बनचा शाफ्ट, ज्यावर बारीक पोलादी तार गुंडाळलेली असते. त्याचा खर्च चौथ्याच्या जवळजवळ दुप्पट.

मी पहिल्यापासूनच सुरुवात करायला लावली. दुखऱ्या कोपराने मारलेल्या बॉलवर फिटिंग केलं तर ते दुखण्याचं फिटिंग होतं, खेळण्याचं नाही. सहा आठवडे क्लब बंद, फिजिओकडे व्यायाम, आणि मॅट कायमची बंद. शेवटच्या अटीवर शेठ चिडले. “मग सराव कुठे करू, गच्चीत?” पण ऐकलं.

लायबद्दल त्यांनी स्वतःच हिशोब मांडला. सोलला टेप लावून फळीवर मारून घेतलं तर घासल्याची खूण टाचेकडे, म्हणजे हेडच्या शाफ्टकडच्या बाजूला, येत होती, सुमारे तीन अंश जास्त उभा. शेठनी माझ्या बिलबुकाच्या मागे लिहिलं: तीन गुणिले टॅन तीस, म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) पावणेदोन अंश डावीकडे. तीस हा सात नंबरचा लॉफ्ट, फेसचा तिरपेपणा. ११३ यार्डांवर साडेतीन यार्ड. “बॉल तर दहा-बारा यार्ड डावीकडे जातो. उरलेले कुठून आले?”

प्रश्न अचूक होता. लॉफ्ट जितका जास्त तितका चुकीचा लाय जास्त नडतो, म्हणून वेजला, सगळ्यात जास्त लॉफ्टच्या आखूड क्लबला, हा आकडा बराच मोठा निघतो. सात नंबरला नुसत्या भूमितीने एवढंच. उरलेलं जमिनीत होतं. क्लब लांब, म्हणून आधी जमीन लागते; लाय उभा, म्हणून टाच आधी रुतते; टाच अडली की टो, म्हणजे हेडचं दुसरं टोक, पुढे फिरते आणि फेस मिटतो, म्हणजे डावीकडे वळतो. मॅटवर यातलं काहीच दिसत नाही. हे मला शेठच्या टॅनने सुचलं, मशीनने नाही.

निर्णय आणि काम

सप्टेंबरात कोपर शांत झाल्यावर चाचणी घेतली, या वेळी सकाळी साडेसहाला, पावसाने मऊ झालेल्या गवतावर. चार शाफ्ट: त्यांचा स्वतःचा जड ‘एस’, हलकं स्टील ‘एस’, हलकं स्टील ‘आर’ आणि ८० ग्रॅमचा कार्बन ‘आर’. सगळ्यांच्या अक्षरांवर मास्किंग टेप. प्रत्येकाचे आठ-आठ बॉल, क्रम बदलून दोनदा. डिव्हटकडे, म्हणजे फटक्याने गवतात पडणाऱ्या खड्ड्याकडे, बघायला कॅडीला बसवलं आणि यावेळी वहीत त्याच्यासाठी वेगळा रकाना काढला.

जुन्या शाफ्टने तेच ११३ यार्ड, आणि डावी-उजवीकडची पसर ३१ यार्ड. हलक्या ‘एस’ने ११९ यार्ड, पसर २४. हलक्या ‘आर’ने १२२, पसर २२. कार्बनने १२३, पसर २१. क्लबचा वेग जेमतेम दोन-अडीच मैलांनी वाढला होता. खरा फायदा झाला तो बॉल फेसच्या मधोमध लागू लागल्याचा. कॅडीच्या रकान्यात जुन्या शाफ्टपुढे सोळातल्या नऊ फटक्यांना ‘मागं लागला’ असं होतं. कार्बनपुढे तीन.

शेठनी डोळे झाकून निवडला तो कार्बनचा. टेप काढली, खाली ‘आर’. त्यांचा चेहरा पडला. “आर म्हणजे काय, रिटायर्ड?” कॅडी तोंड फिरवून बॅगेची चेन लावत बसला.

इथे आमचं दुमत झालं. माझं म्हणणं, एका यार्डासाठी दुप्पट पैसे कशाला, हलकं स्टील घ्या. त्यांचं म्हणणं, कोपर माझं आहे. कार्बनमध्ये हाताला झिणझिण्या कमी येतात हे खरं, पण ती झिणझिण जाणवते मुख्यतः चुकीच्या फटक्यांना, आणि तेच तर आम्ही कमी करत होतो. शेवटी कोपर त्यांचं होतं, पैसेही त्यांचेच. कार्बन मागवला.

शाफ्ट यायला तीन आठवडे लागले. जुने स्टीलचे शाफ्ट काढणं सोपं. होझल, म्हणजे हेडची शाफ्ट बसते ती नळी, गरम केला, इपॉक्सी सुटला की पिळून बाहेर. आता लांबी सात नंबरला ३७ इंच, नेहमीची. क्लब अर्धा इंच आखूड झाला की लाय आपोआप अंशभर खाली बसतो, म्हणून वाकवायचा राहिला दोनच अंश. हेड ओतीव स्टेनलेसची होती. ती वाकवताना हात जपून लागतो, वाकवल्यावर धातू थोडा परत उसळतो. पिचिंग वेज एका अंशापुढे जाईना. मी तिथेच थांबलो. चीर गेली असती तर हेड भंगारात.

जोडण्याआधी एक गोष्ट वेळेत लक्षात आली. पन्नास ग्रॅम हलका शाफ्ट आणि अर्धा इंच कमी लांबी, म्हणजे स्विंगवेट, फिरवताना हेड किती जड लागतं याचं माप, डी ४ वरून थेट सी ५च्या घरात, नऊ पायऱ्या खाली (सी ९च्या वर डी ०). शेठनी एकच क्लब तात्पुरता जोडून फिरवून पाहिला आणि म्हणाले, “हातात हेडच नाही, झाडू आहे.” हेडमध्ये दोन ग्रॅम वाढवले की स्विंगवेट एक पायरी चढतं. मागे शिशाची पट्टी चिकटवत चिकटवत आठ ग्रॅमला ते “हां, आता” म्हणाले. तेवढ्याच वजनाची पिन प्रत्येक शाफ्टच्या टोकात बसवून मग इपॉक्सी लावला. काटा सी ९ दाखवत होता.

पुढचे पाच आठवडे

पहिल्या आठवड्यात फोन आला नाही. दुसऱ्यात आला, आणि आवाज चढलेला. “सगळे बॉल उजवीकडे! आधी डावीकडे जात होते तेच बरं होतं, निदान ठाऊक तरी होतं!”

कारण कळत होतं. दोन वर्षं चुकीचा क्लब बॉल डावीकडे ओढत होता. बॉल सरळ जावा म्हणून त्यांच्या हातांनी नकळत फेस उघडा धरायची सवय लावून घेतली होती. क्लबातली चूक गेली, हातातली उरली. चूक दोन्हीकडे होती तेव्हा निदान काही फटके तरी जुळून येत.

तरीही त्या संध्याकाळी मी त्यांचा सात नंबर मागवून लाय मशीनमध्ये लावला होता. अंशभर उभा केला असता तर बॉल थोडा डावीकडे आला असता आणि फोन बंद झाले असते. ग्राहक नाराज असताना हात शिवशिवतोच. शेवटी न वाकवता मशीनमधून काढला आणि त्यांच्या कोचला फोन केला. कोचला मी या सगळ्यात पहिल्यांदा विचारत होतो, आणि त्याने ते सौम्य शब्दांत ऐकवलंही. त्याने तीन सत्रं घेतली, फक्त फटक्यात हात मोकळे फिरू देण्यावर. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बॉल मध्यावर आला.

निष्पत्ती

मार्चमध्ये पुन्हा मोजलं, पुन्हा गवतावर. सात नंबरची कॅरी १२४ यार्ड, पसर १९, उतरण्याचा कोन ४० अंश. पंचेचाळीस नाही, आणि या वेगाला ३० अंशांच्या लॉफ्टमधून तो येणारही नाही. हँडिकॅप २२ वरून १९. कोपराचा पट्टा गेला. सहा नंबर आता इतर क्लबांसारखाच एक क्लब आहे, आणि सातच्या अंतराला कॅडी सातच देतो.

ड्रायव्हरला, म्हणजे बॅगेतल्या सगळ्यात लांब क्लबला, मी मुद्दाम हात लावला नाही. तो अजून उजवीकडे वळतो. त्यासाठी शेठ दर पंधरा दिवसांनी विचारतात.

पुन्हा केलं तर

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी एका वेळी फार गोष्टी बदलल्या. चाचणीतले तिन्ही नवे शाफ्ट ३७ इंचांचे होते आणि शेठचा स्वतःचा साडेसदतीस. म्हणजे मी तुलना वजनाची करतोय असं समजत होतो, आणि त्यात लांबी मिसळली होती. सहा नंबर का बरा जात होता? हलका म्हणून की आखूड म्हणून? उत्तर माझ्याकडे आजही नाही. जुनाच एक शाफ्ट अर्धा इंच कापून आधी मारून घेतला असता तर कळलं असतं. खर्च एका ग्रिपचा. कदाचित सगळे शाफ्ट बदलायची गरजच पडली नसती.

कोपराचंही तेच. विश्रांती, फिजिओ, मॅट बंद, हलका शाफ्ट, कमी झालेले फॅट (आधी जमिनीला लागणारे) फटके: यातलं कशाने बरं वाटलं ते सांगता येणार नाही. शेठ मात्र सगळं श्रेय कार्बनला देतात. पैसे दिलेत ना.

पहिली मोजणी मॅटवर घेणं हीही चूकच, आणि ती मी आता करत नाही. बॅग आली की आधी सगळे क्लब यंत्रावर, लांबी आणि लायची नोंद, मग खेळणाऱ्याला बॉल मारायला सांगतो. कॅडी सोबत आला असेल तर त्याला खुर्ची आणि चहा देऊन आधी त्याचं ऐकतो. कोचला तर शाफ्ट मागवण्याआधीच फोन. उजवीकडे बॉल जाण्याचे ते पाच आठवडे येणारच होते, पण शेठना आधी सांगून ठेवलं असतं तर निम्मे फोन वाचले असते.

जुने १३० ग्रॅमचे शाफ्ट कॅडीने मागून घेतले. पंचविशीतला पोरगा, पाच फूट दहा इंच, शेठपेक्षा कितीतरी जोरात मारतो. सोमवारी कॅडींना कोर्सवर खेळायला मिळतं, तेव्हा तो उसन्या, कुठल्याकुठल्या क्लबांनी खेळायचा. एका जुन्या सेटच्या हेडवर मी ते बसवून दिले. सहा नंबरचा शाफ्ट मात्र त्याने नको म्हटला. “तो हलका हाय दादा, माझा बॉल डावीकडं जाईल. दुसरा काय हाय का बघा ना, ह्या बाकीच्यांच्या वजनाचा.”

मी शोधतोय. अजून मिळालेला नाही.